मैलाचा भाव आणि महिन्याचा पगार

अब्राहम लिंकनने एक डोंगर जागचा हलवला होता. कागदावर हलवला, पण हलवला. १८६४ ची सुरुवात, तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, आणि राष्ट्राध्यक्षासमोर प्रश्न काय, तर कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताचा पायथा नेमका कुठे सुरू होतो. हा प्रश्न भूगोलाचा नव्हताच, पैशांचा होता. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारी रेल्वे बांधायची म्हणून सरकारने कंपन्यांना मैलामागे कर्जरोखे द्यायचं कबूल केलं होतं, सपाट जमिनीवर मैलाला १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००, आणि दोन पर्वतरांगांच्या मधल्या उंच ओसाड पट्ट्यात ३२,०००. आता एकदा असा रेट लावला की डोंगर जितका लवकर सुरू होईल तितका बरा, हे कुठल्याही ठेकेदाराला सांगावं लागत नाही.

मग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचं मत घेतलं, आणि सॅक्रामेंटो शहरापासून फक्त सातेक मैलांवर आर्केड क्रीक म्हणून जो ओढा आहे तिथून डोंगराचा पायथा धरायला हरकत नाही असं ठरलं. का, तर तिथली माती डोंगरावरून वाहून आलेली आहे. बरोबरच आहे म्हणा, डोंगरावरून वाहून आलेली माती तर पार समुद्रापर्यंत जाते! तिथे उभं राहिलं तर चारी बाजूंना सपाट मैदान, खरा चढ अजून कितीतरी पुढे. पण लिंकनने सही केली आणि त्या सपाट मैदानातल्या मैलांना तिप्पट भाव मिळायला लागला.

मी अमेरिकेच्या या पहिल्या आरपार रेल्वेबद्दल बरंच वाचलंय, आणि दरवेळी तीच गोष्ट वाचायला मिळते, जिद्द, पराक्रम, सोन्याचा खिळा वगैरे वगैरे. ते खोटं नाही, पण मला विचाराल तर ही सगळी कथा एका साध्या प्रश्नावर लावून बघा, कोणाला मैलावर पैसे मिळत होते आणि कोणाला महिन्यावर. मग त्यातल्या बऱ्याच विचित्र गोष्टी आपोआप उलगडत जातात.

थोडं मागे जाऊ. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लोक तिकडे धावले, पण जायचं कसं, तर बैलगाड्यांच्या तांड्यातून चार-सहा महिने, किंवा जहाजाने पार दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, किंवा मग पनामापर्यंत बोट, तिथली चिंचोळी पट्टी ओलांडायची, पलीकडे दुसरी बोट, आणि वाटेत पिवळा ताप झाला तर खेळ खलास. (पनामात १८५५ लाच रेल्वे झाली होती, जेमतेम ४७ मैलांची, पण दोन महासागर जोडणारी पहिली रेल्वे तीच. अमेरिकन लोक हे फारसं बोलत नाहीत.) रेल्वे हवी यावर सगळ्यांचं एकमत होतं, भांडण होतं ते कुठून न्यायची यावर, दक्षिणेकडच्यांना दक्षिणेतून हवी, उत्तरेकडच्यांना उत्तरेतून. १८६१ मध्ये दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि संसदेत अडवणारं कोणी उरलंच नाही. १ जुलै १८६२ ला कायद्यावर सही झाली. देशाच्या मध्यावरच्या ओमाहाकडून युनियन पॅसिफिकने पश्चिमेकडे यायचं, सॅक्रामेंटोहून सेंट्रल पॅसिफिकने पूर्वेकडे जायचं, भेटायचं कुठे ते ठरवलंच नव्हतं. जो जास्त मैल टाकेल त्याला जास्त रोखे आणि जास्त जमीन. जमीन म्हणजे मैलामागे ६,४०० एकर, आणि १८६४ मध्ये कायदा बदलून ती दुप्पट केली, १२,८०० एकर. रोखे निदान कर्ज होतं, व्याजासकट फेडायचं होतं. जमीन फुकट.

सेंट्रल पॅसिफिकची मूळ कल्पना थिओडोर जुडा या इंजिनिअरची. माणूस इतका झपाटलेला की लोक त्याला वेडा जुडा म्हणायचे. सिएरातून डोनर खिंडीची वाट त्यानेच सर्व्हे करून काढली, आणि पैशासाठी सॅक्रामेंटोतल्या चार दुकानदारांना तयार केलं, लेलँड स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर. किराणा, हार्डवेअर, कापड असले धंदे करणारी माणसं. पायथ्याचा तो प्रकार जुडाला पसंत नव्हता, त्याचं चौघांशी बिनसलं, त्यांना पैसे देऊन बाहेर काढायचं म्हणून तो नवे भांडवलदार शोधायला न्यूयॉर्कला निघाला, पनामामार्गे. तिथेच ताप लागला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये तो गेला, वय ३७. रूळ टाकायला तेव्हा जेमतेम सुरुवात झाली होती. चौघांचं मात्र पुढे भलं झालं, फारच भलं झालं.

तिकडे युनियन पॅसिफिकमध्ये डॉक्टर थॉमस ड्युरांट. खराखुरा डॉक्टरकीची पदवी घेतलेला, पण नाडी ओळखायचा ती शेअर बाजाराची. या गृहस्थाने काय करावं, तर ओमाहाहून निघणारी लाईन सरळ जात होती ती वाकवून घेतली, त्यात नऊ मैल वाढले. कारण चढ कमी होतो असं दिलं. वाढलेल्या नऊ मैलांचे रोखे मिळाले, जमीन मिळाली, आणि तोपर्यंत रेल्वे ओमाहाच्या आसपासच घुटमळत होती, कारण १८६५ संपलं तेव्हा यांचे रूळ होते फक्त ४० मैल. खरी कमाई तर वेगळीच होती. क्रेडिट मोबिलिए नावाची एक ठेकेदार कंपनी उभी केली, तिचे मालक आणि रेल्वेचे संचालक तेच, म्हणजे काम देणारा मीच आणि घेणारा पण मीच, बिल कितीचं लावायचं ते आम्ही घरात बसून ठरवू. संसदेत कोणी विचारू नये म्हणून ओक्स एम्स या खासदाराने सहकारी खासदारांना त्याच कंपनीचे शेअर्स स्वस्तात वाटले. हे सगळं १८७२ मध्ये वर्तमानपत्रात फुटलं. उपराष्ट्राध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचंही नाव आलं. गंमत म्हणजे सिएराच्या चढावर रेल्वेचं एक गाव आहे, त्याचं नाव आधीच कोलफॅक्स ठेवून झालं होतं. ते अजून तसंच आहे. सेंट्रल पॅसिफिकवाल्यांनी पण हाच उद्योग केला होता, फक्त त्यांच्या ठेकेदार कंपनीच्या हिशेबाच्या वह्या चौकशीच्या वेळी सापडल्याच नाहीत.

हे झाले मैलाचे लोक. आता महिन्याचे.

१८६५ च्या सुरुवातीला सेंट्रल पॅसिफिकला माणसंच मिळेनात. हजारो कामगार पाहिजेत म्हणून जाहिराती दिल्या, आले काही शे, आणि त्यातलेही बरेच जण फुकटात डोंगरापर्यंत पोचून पुढे नेवाडाच्या चांदीच्या खाणीकडे पळाले. क्रॉकर म्हणाला चिनी लोक घेऊन बघू. कामावरचा मुख्य माणूस होता जेम्स स्ट्रोब्रिज, स्फोटात एक डोळा गमावलेला, तोंडाने शिवराळ, हाताने त्याहून वाईट. तो नाहीच म्हणत होता, एवढीशी माणसं, यांच्याने काय दगड फुटणार. शेवटी ५० जण ट्रायलवर घेतले. मग आणखी ५०. मग थेट चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून जहाजं भरून माणसं आणायला लागले, आणि दोन वर्षांत परिस्थिती अशी की कंपनीच्या दहा कामगारांतले आठ-नऊ चिनी. पगार महिन्याला २६ डॉलरपासून सुरू झाला, पुढे ३० आणि ३१ झाला. गोऱ्या बिगाऱ्याला ३५ आणि वर जेवण-राहणं कंपनीचं. चिनी माणसाने आपलं जेवण आपल्या पगारातून करायचं.

त्या जेवणाचा त्यांना फायदाच झाला ही वेगळी गोष्ट. गोरे लोक मांस, बीन्स, बटाटे, ब्रेड खायचे आणि डबक्यातलं पाणी तसंच प्यायचे. चिनी गँगचा स्वतःचा स्वयंपाकी असायचा, भात, सुके मासे, सुक्या भाज्या, आणि दिवसभर चहा. सुरुंगाच्या दारूचे रिकामे पिंप धुऊन त्यात उकळलेला चहा भरायचा आणि कावडीने कामावर न्यायचा. पाणी उकळलेलं असल्यामुळे पोट बिघडून पडणारे त्यांच्यात कमी.

आता तो बोगदा. या रेल्वेत मला सगळ्यात जास्त कशाचं वेड असेल तर याचं. डोनर खिंडीजवळ, सुमारे ७,००० फुटांवर, सलग ग्रॅनाइट, लांबी १,६५९ फूट. सेंट्रल पॅसिफिकने एकूण १५ बोगदे काढले त्यातला हा सहावा आणि सगळ्यात लांब. काम कसं चालायचं बघा. तिघांची टोळी, एकजण पोलादी पहार खडकावर धरून बसायचा, दोघे आळीपाळीने घण घालायचे, आणि प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकते. घण चुकला तर हात गेला. उजेड दिव्यांचा, धूर जायला वाट नाही. भोक पुरेसं खोल झालं की काळी दारू भरायची, ठासायची, वात लावायची, पळायचं. मग परत येऊन दगड उपसायचे. हे चोवीस तास, पाळ्यापाळ्यांत, आणि एवढं करून एका तोंडावर दिवसाला साधारण एक फूट. एक फूट!

दोन टोकांनी खणून हे संपणार नाही हे लक्षात आलं तेव्हा डोंगराच्या माथ्यावरून मधोमध एक विहीर खाली उतरवली आणि मधूनही दोन्ही दिशांना खणायला घेतलं, म्हणजे तोंडं चार झाली. विहिरीतून दगड वर काढायला एक जुनं रेल्वे इंजिन मोडून त्याचं यंत्र डोंगरावर ओढत नेलं. पुढे काळ्या दारूऐवजी नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक वापरलं. ते आणायची पंचाईत होती, एप्रिल १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका पेटीचा स्फोट होऊन माणसं मेली होती आणि त्यानंतर त्याची वाहतूकच बंद केलेली, मग जेम्स हाउडन नावाचा केमिस्ट बोगद्याजवळच बसून ते रोज ताजं बनवायचा. वेग जवळपास दुप्पट झाला. ऑगस्ट १८६७ मध्ये भोक आरपार पडलं आणि चार तोंडांची रेषा इंचांच्या हिशेबात जुळली. १९९३ पासून तिथून गाड्या जात नाहीत, लोक चालत जाऊन बघतात, भिंतीवर पहारीच्या खुणा आहेत.

आणि हे सगळं कोणत्या हवेत, तर १८६६-६७ च्या त्या हिवाळ्यात ४४ वादळं मोजली गेली. बर्फ घरांच्या वर गेलं. कामगार बर्फातच भुयारं खोदून राहायचे, खोपटातून बोगद्यात आणि बोगद्यातून खोपटात, आकाश बघायचं कामच नाही. बर्फाचे कडे कोसळून अख्ख्या छावण्या गाडल्या गेल्या, आणि प्रेतं वसंत ऋतूत बर्फ वितळल्यावर बाहेर काढली. बोगदा व्हायच्या आधीच पलीकडे काम सुरू करायचं होतं, मैलाचा मीटर थांबता कामा नये ना, म्हणून तीन इंजिनं, डबे आणि रूळ बर्फावरून घसरगाड्यांवर ओढत खिंडीपलीकडे नेले. शेवटी बर्फाला कंटाळून रुळांवर लाकडी छपरंच बांधली, थोडीथोडकी नाहीत, सुमारे ३७ मैल.

एक सांगायचं राहिलं, केप हॉर्न नावाच्या कड्यावर चिनी कामगार टोपलीत बसून दोराने खाली सोडले जायचे आणि सुरुंग लावायचे, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. चित्रंही आहेत. पण त्या काळच्या कागदपत्रांत टोपल्यांचा आधार सापडत नाही, ही कथा नंतर वाढत गेलेली दिसते. मला वाटतं बोगद्यातला रोजचा एक फूट चित्रात दाखवता येत नाही, टोपली दाखवता येते.

जून १८६७ मध्ये याच लोकांनी संप केला. तीन हजारांच्या वर माणसं, सिएराच्या पूर्व-पश्चिम उतारांवर मैलोन् मैल पसरलेल्या छावण्या, आणि सगळ्यांनी एकाच वेळी अवजारं खाली ठेवली. कंपनी ३५ डॉलर द्यायला तयार झाली होती, यांचं म्हणणं ४० द्या, बोगद्यात आठ तासांपेक्षा जास्त काम नको, आणि मुकादमांनी मारायचं बंद करा. कुठे दंगा नाही, दारू नाही. सगळीकडे रविवारसारखं वाटत होतं, असं क्रॉकरनेच पुढे सांगितलंय. त्याने उत्तर काय दिलं, तर धान्य बंद केलं. डोंगरात दुसरं दुकान कुठलं? आठवडाभरात संप मोडला. मैलामागे ४८,००० डॉलर घेणाऱ्या कंपनीला माणसामागे पाच डॉलर परवडत नव्हते. कर्जाचा बोजा होता, रोखे बाजारात पडत्या भावात विकावे लागत होते, हे सगळं मान्य, तरी पाच डॉलर.

दुसऱ्या बाजूला, मैदानात, युनियन पॅसिफिकचे कामगार म्हणजे आयरिश, युद्धातून सुटलेले दोन्हीकडचे सैनिक, गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय, आणि शेवटी युटामध्ये मॉर्मन पंथाचे लोक. मॉर्मनांचा ठेका त्यांचे धर्मगुरू ब्रिगम यंग यांनी घेतला होता, त्यांचे पैसे इतके थकले की बऱ्याच रकमेच्या बदल्यात शेवटी रेल्वेचं सामानच घ्यावं लागलं. रुळांच्या टोकाबरोबर तंबूंची एक बाजारपेठ पुढे पुढे सरकायची, दारू, जुगार, वेश्याव्यवसाय, पगार झाला की तिथेच रिकामा. शायान आणि लॅरमी ही गावं त्यातूनच उभी राहिली, बाकीची कित्येक रुळांबरोबर उठून गेली.

आणि ती फुकट दिलेली जमीन. ती काय मोकळी पडलेली नव्हती. शायान, लकोटा, अरापाहो लोकांचा तो शिकारीचा मुलूख, आणि रेल्वे आली म्हणजे बायसन संपणार हे त्यांना कळत होतं. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायान लढवय्यांनी रूळ उखडून एक मालगाडी पाडली. दुसरीकडे पॉनी जमातीचे लोक याच रेल्वेच्या रक्षणासाठी सैन्यात भरती झाले होते, कारण लकोटा आणि शायान त्यांचे जुने वैरी. हे एवढं सरळ नाही, एका परिच्छेदात बसणारंही नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता या मैलाच्या भावाचा कळस बघा. १८६८-६९ मध्ये दोन्ही कंपन्या युटाच्या दिशेने सुसाट निघाल्या, आणि भेटायची जागा ठरलेली नसल्यामुळे त्यांच्या भराव घालणाऱ्या टोळ्या एकमेकांना भेटल्या आणि चक्क एकमेकांना ओलांडून पुढे गेल्या! शेजारी शेजारी दोन समांतर भराव, सुमारे २०० मैल, एक पूर्वेकडे जाणारा एक पश्चिमेकडे. दोन्ही कंपन्या त्याचे पैसे मागत होत्या. शेवटी एप्रिल १८६९ मध्ये संसदेला मध्ये पडावं लागलं, आणि युटातलं प्रोमॉन्टरी हे ठिकाण भेटीसाठी ठरलं.

शर्यत संपली तरी क्रॉकरची खुमखुमी गेली नव्हती. २८ एप्रिलला त्याने एका दिवसात दहा मैल रूळ टाकायचं ठरवलं, आणि दिवस असा निवडला की समोरच्यांकडे उत्तर द्यायला दहा मैल शिल्लकच नव्हते. ड्युरांटशी १०,००० डॉलरची पैज होती म्हणतात. सकाळी सातला सुरुवात, संध्याकाळी सातला संपलं तेव्हा १० मैल ५६ फूट. ३,५२० रूळ, प्रत्येक रूळ अडीचशे किलोच्या आसपास, आणि ते सगळे उचलून जागेवर ठेवणारे फक्त आठ आयरिश. त्या आठही जणांची नावं लिहून ठेवलेली आहेत, त्यात तीन तर मायकेलच आहेत. आणि त्यांच्या मागे-पुढे स्लीपर टाकणारे, खिळे ठोकणारे, बोल्ट आवळणारे, खडी ठासणारे हजारो चिनी, त्यांची यादी नाही.

दोन्हीकडचे रूळ जोडून शेवटचा सोन्याचा खिळा ठोकायचा समारंभ खरं तर ८ मे ला होता. झाला १० मे ला, कारण ड्युरांटसाहेब येत होते तेव्हा वायोमिंगमध्ये पीडमाँटजवळ त्यांच्याच कामगारांनी त्यांचा स्पेशल डबा अडवला. कित्येक महिन्यांचा पगार थकला होता, पैसे आल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. पैसे आले, मग सोडलं. या अख्ख्या प्रकरणात महिन्यावाल्यांनी मैलवाल्यांना धरून ठेवल्याचा हा एकच प्रसंग मला माहीत आहे, आणि वाचताना जाम आनंद होतो.

समारंभात स्टॅनफर्डने घण उचलला आणि म्हणतात की त्याचा घाव खिळ्यावर बसलाच नाही. तारवाल्याने तरी देशभर ‘झालं’ एवढा एकच शब्द पाठवला. सोन्याचा खिळा लगेच काढून घेतला, तिथे साधा लोखंडी ठोकला. एकूण मार्ग १,७७६ मैल, त्यात सेंट्रल पॅसिफिकचे ६९० आणि युनियन पॅसिफिकचे १,०८६. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को प्रवास महिन्यांवरून आठवड्यावर आला. आता ‘किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत’ म्हणायचं तर त्या दिवशी ते पूर्ण खरं नव्हतं, सॅक्रामेंटोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंतचा तुकडा व्हायला अजून काही महिने लागले, आणि ओमाहाला मिसुरी नदीवर तर पूलच नव्हता, तो १८७२ मध्ये झाला. तोपर्यंत लोक गाडीतून उतरायचे, नदी ओलांडायचे, पुन्हा गाडीत बसायचे. पण तार गेली होती, घंटा वाजल्या होत्या, तोफा उडवून झाल्या होत्या.

१८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी कामगारांना देशात यायलाच बंदी घातली. सेंट्रल पॅसिफिकची पगारपत्रकं बघितली तर चिनी टोळीच्या मुकादमाचं नाव असतं आणि त्यापुढे एकूण रक्कम, हंग वाह नावाच्या एका मुकादमापुढे शेकडो माणसांचा पगार लागलेला दिसतो, आत कोण कोण होतं ते नाही. हंटिंग्टन आणि मंडळींच्या पत्रव्यवहाराचे गठ्ठेच्या गठ्ठे शिल्लक आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी, म्हणजे त्याच घण चुकवणाऱ्या स्टॅनफर्डच्या पैशातून निघालेल्या विद्यापीठाच्या, बरीच वर्षं दोन्ही देशांत शोधाशोध केली, एका चिनी कामगाराने या कामावरून लिहिलेलं एक पत्र मिळतं का म्हणून. मिळालं नाही.

१९६९ मध्ये शंभरी साजरी झाली तेव्हा वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी प्रोमॉन्टरीला भाषण केलं, की एवढ्या बर्फात असले बोगदे अमेरिकन माणसाशिवाय कोण काढणार, आणि ऐकायला समोर चिनी-अमेरिकन लोक बसलेले. २०१९ मध्ये दीडशे वर्षं झाली, तेव्हाच्या वाहतूकमंत्री इलेन चाओ, ज्या तैवानमध्ये जन्मलेल्या. त्यांनी चिनी कामगारांचा उल्लेख केला, आणि यावेळी त्यांचे वंशजही मोठ्या संख्येने आले होते.